किक, पास आणि सेकंदाचा शंभरावा भाग

फुटबॉलमधील जोरदार किकचे श्रेय सर्वसाधारणपणे पायातील ताकदीला आणि अचूक पासचे श्रेय जन्मजात कौशल्याला दिले जाते. परिणामी दोन्हींमागची यांत्रिक प्रक्रिया दुर्लक्षित राहते आणि सरावाच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या त्याच अर्धवट सूचना दिल्या जातात. या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची बाब काळाची आहे. पाऊल आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग एवढाच टिकतो, आणि सेकंदाला वीस मीटर वेगाने आलेले पाऊल तेवढ्या अवधीत फार तर वीतभर अंतर कापते. डोळ्यांनी पाहून स्नायूंना हेतुपुरस्सर आज्ञा देण्यास दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागत असल्याने, एकदा स्पर्श झाल्यावर खेळाडूला कोणतीही दुरुस्ती करणे शक्य नसते. पाऊल कोणत्या जागी, कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि किती ताठ अवस्थेत चेंडूला भिडले, एवढ्यावरच चेंडूचे पुढचे सारे अवलंबून असते.

ही वस्तुस्थिती लक्षात घेतली की पहिला गैरसमज आपोआप दूर होतो. किक मारल्यानंतर पाय जितका पुढे नेला जाईल तितका चेंडूला अधिक जोर मिळतो, अशी समजूत आहे. परंतु पायाच्या या पुढच्या प्रवासाला, ज्याला ‘फॉलो-थ्रू’ म्हणतात, सुरुवात होते तेव्हा चेंडू पावलापासून केव्हाच सुटलेला असतो. तरीही प्रशिक्षक त्याचा आग्रह धरतात आणि तो योग्यच आहे, कारण पाय लगेच थांबवायचा असे मनात असेल तर त्याचा वेग स्पर्शापूर्वीच मंदावू लागतो. शिवाय वेगाने फेकलेला पाय हळूहळू थांबला तर मांडीच्या मागील स्नायूंवर अचानक ताण येत नाही. म्हणजे सूचना बरोबर असून तिच्यासाठी दिले जाणारे कारण तेवढे चुकीचे आहे.

मांड्या भक्कम असल्या की शॉट जोरात बसतो, ही समजूत अधिक खोलवर रुजलेली आहे. स्नायूंची ताकद निरुपयोगी नाही, मात्र ती एका विशिष्ट क्रमाने वापरली गेली तरच चेंडूपर्यंत पोहोचते. कुशल खेळाडू चेंडूकडे सरळ रेषेत न धावता साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या दिशेने येतो, शेवटचे पाऊल लांब टाकतो आणि त्यामुळे कंबरेला वळण्यास वाव मिळतो; नंतर खुब्यातून मांडी पुढे येते, त्या वेळी गुडघा वाकलेला असतो, कारण दुमडलेला पाय फिरवणे सरळ पायापेक्षा सोपे असते; आणि अखेरीस मांडीचा वेग कमी होत असताना नडगी व पाऊल झपाट्याने पुढे फेकले जातात. मांडीने आधी मंदावणे आणि नडगीने त्यानंतर वेग घेणे हा क्रम आसुडाच्या फटकाऱ्यासारखा असतो. पूर्ण ताकद लावण्याच्या नादात संपूर्ण पाय आखडून एकसंध फिरवणारा खेळाडू हा क्रमच मोडतो, आणि म्हणून किरकोळ बांध्याच्या खेळाडूचा शॉट त्याच्यापेक्षा वेगवान असू शकतो.

वेग आणि वजन यांची तुलना आकड्यांतून अधिक स्पष्ट होते. नियमानुसार सामन्याच्या सुरुवातीस चेंडूचे वजन 410 ते 450 ग्रॅम असते. टक्करीत प्रत्यक्ष भाग घेणारे पायाचे वस्तुमान उदाहरणादाखल दीड किलो मानले आणि उसळीचा गुणांक, म्हणजे आदळल्यानंतर वेगळे होण्याचा वेग व आदळण्याचा वेग यांचे गुणोत्तर, 0.6 धरला, तर चेंडू पावलाच्या वेगाच्या सुमारे सव्वापट वेगाने निघतो. आता पावलाचा वेग दुप्पट केला तर चेंडूचा वेगही दुप्पट होतो, परंतु वेग तोच ठेवून वस्तुमान दुप्पट केले तर चेंडूचा वेग जेमतेम एक अष्टमांशाने वाढतो. जड बुटांनी शॉट जोरात लागतो, या समजुतीला यातच उत्तर मिळते, कारण जड बुटामुळे वस्तुमानात पडणारी थोडीशी भर पावलाचा वेग घटल्याने बव्हंशी वाया जाते.

येथेच घोट्याचा प्रश्न येतो. ‘घोटा घट्ट ठेव’ ही सूचना मुलांना इतक्या वेळा ऐकवली जाते की तिचा अर्थ कोणी विचारत नाही. चेंडू पावलाच्या वरच्या बाजूवर, घोट्याच्या जवळ, जिथे बुटाची नाडी बांधलेली असते त्या हाडाळ भागावर बसला, तर पाऊल फारसे मागे न झुकता पायाचे वस्तुमान टक्करीत सामील होते. तोच चेंडू बोटांकडे बसला तर पाऊल सांध्यातून मागे रेटले जाते आणि ऊर्जेचा काही भाग तिथेच खर्च होतो. घोटा सैल असला तर हे नुकसान वाढते, आणि त्याहून वाईट म्हणजे पावलाच्या पृष्ठभागाचा कोन प्रत्येक वेळी निराळा राहिल्याने दिशाही भरवशाची उरत नाही.

याचा अर्थ बुटाच्या टोकाने चेंडू मारणे ही नेहमीच चूक असते, असाही नाही. टोकाचे क्षेत्रफळ लहान असल्याने अचूकता कमी होते हे खरे, पण पाय फारसा मागे न नेता आणि गोलरक्षकाला अंदाज न देता चेंडू मारण्यासाठी त्याइतका जलद मार्ग दुसरा नाही. 2002 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, जपानमधील सैतामा येथे, ब्राझीलच्या रोनाल्डोने तुर्कस्तानविरुद्ध केलेला सामन्यातील एकमेव गोल बुटाच्या टोकानेच केलेला होता.

‘चेंडू वर जाऊ नये म्हणून पुढे झुका’ हा सल्लाही अपुरा आहे. चेंडू वर जाईल की जमिनीलगत राहील, हे पाऊल त्याच्या मध्याच्या किती खाली व कोणत्या कोनात भिडले त्यावर ठरते. धडाचा झुकाव फक्त त्या कोनावर परिणाम करतो. जोरदार शॉट मारणारे कुशल खेळाडू स्पर्शाच्या क्षणी आधारपायाच्या, म्हणजे जमिनीवर रोवलेल्या पायाच्या, बाजूला आणि काहीसे मागेही कललेले असतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष धडाचा नसून आधारपायाचा असतो: तो चेंडूच्या फार मागे पडला की मारणारे पाऊल चेंडूपर्यंत पोहोचेतो वर चढू लागलेले असते, आणि मग कितीही पुढे झुकले तरी चेंडू आडव्या खांबावरूनच जातो.

पासच्या बाबतीत ‘चेंडू बरोबर मध्यावर मारा’ ही सूचना जवळजवळ सर्वत्र दिली जाते, आणि यातला यांत्रिक तपशील सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. मध्यावर मारलेला चेंडू सुरुवातीला फिरत नाही, तो गवतावरून घसरतो. घर्षणामुळे त्याचा वेग घटत जातो व फिरकी वाढत जाते, आणि दोन्हींचा मेळ बसला की तो खऱ्या अर्थाने गडगडू लागतो. पोकळ गोलासाठी हिशेब मांडल्यास या संक्रमणात मूळ वेगाचा दोन पंचमांश भाग नष्ट होतो, म्हणजे सेकंदाला दहा मीटर वेगाने निघालेला पास गडगडू लागेपर्यंत सहा मीटरवर आलेला असतो, आणि गवताचा रोध यात अद्याप धरलेलाच नाही. मध्याच्या खाली बसलेल्या पासला उलटी फिरकी मिळत असल्याने त्याची हानी आणखी होते, तर किंचित वर बसलेल्या पासला सुरुवातीपासूनच पुढची फिरकी मिळते, त्यामुळे तो कमी वेग गमावतो, कमी उसळतो आणि सहकाऱ्याला नियंत्रणात घेण्यास सोपा जातो. चेंडूचा व्यास सुमारे 22 सेंटिमीटर असल्यामुळे येथे प्रश्न दोन-तीन सेंटिमीटरचाच आहे. पाऊल जमिनीला खरवडत आणण्याऐवजी थोडे उचललेले ठेवावे, या जाणकार प्रशिक्षकांच्या आग्रहाचे कारण हेच असावे.

पावलाच्या आतल्या बाजूने दिलेला पास संथच असतो, ही तक्रार मात्र निम्मी खरी आहे: खुबा बाहेर वळवल्याने गुडघ्याचा फटकारा पूर्णपणे वापरता येत नाही, परंतु रुंद व सपाट पृष्ठभाग मिळाल्याने दिशेतील चूक कमी होते, आणि मध्यम अंतराच्या पाससाठी हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

वळणाऱ्या चेंडूविषयीच्या कल्पना बऱ्याच अद्भुत असतात. चेंडू पायाने ‘गुंडाळून’ नेला की तो वळतो, असे मानले जाते. पण दहा मिलिसेकंदांत गुंडाळण्यासारखे काही घडत नाही. मध्यापासून बाजूला लागलेला फटका चेंडूला स्वतःभोवती फिरवतो, फिरणारा चेंडू आपल्यामागची हवा एका बाजूला ढकलतो आणि प्रतिक्रिया म्हणून स्वतः विरुद्ध बाजूला सरकतो; जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक माग्नुस यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. 3 जून 1997 रोजी लियों येथे फ्रान्सविरुद्ध ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसने सुमारे 35 मीटरवरून डाव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूने मारलेली फ्री किक अखेरच्या टप्प्यात अधिक तीव्रतेने आत वळली, तेव्हा अनेकांना तो चमत्कार वाटला. प्रत्यक्षात हवेच्या रोधाने चेंडूचा वेग फिरकीपेक्षा लवकर घटतो, आणि वेग घटला पण फिरकी टिकली की मार्ग अधिकाधिक वाकडा होत जातो. मात्र हे दिसण्यासाठी अंतर पुरेसे लांब असावे लागते, म्हणून गोलजवळच्या फ्री किकमध्ये असे वळण सहसा आढळत नाही.

राहता राहिला ‘नजर चेंडूवर ठेवा’ हा सल्ला. शॉटच्या अखेरच्या क्षणी तो उपयुक्त आहे, पण पास देणाऱ्याने चेंडू आपल्याकडे येत असताना सतत त्याच्याकडेच पाहत राहणे घातक ठरते, कारण तेव्हा आजूबाजूला नजर टाकली नाही तर चेंडू पायाशी आल्यावर आधारपायाची बोटे कुणीकडे वळवायची हेच ठरलेले नसते. गेइर योर्डेट या नॉर्वेजियन संशोधकाने चित्रफितींच्या आधारे केलेल्या अभ्यासांतही चेंडू मिळण्यापूर्वी वारंवार मान वळवून पाहणाऱ्या मध्यरक्षकांचे पास अधिक प्रमाणात यशस्वी झाल्याचे आढळले आहे.