*ट्रॉली मागून रेटते? आधी ट्रॅक्टरचे पेडल पाहा*



सोयाबीन निघालं की नांदगाव पेठहून अमरावती बाजार समितीकडे ट्रॉल्या सुरू होतात, अन् "ब्रेक कमी लागतो" ही तक्रारही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. 30 क्विंटल माल म्हणजे 3 टन, ट्रॉलीचं वजन वेगळं. हे सगळं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर थांबवायचं असते. वेग 15 चा 30 केला, की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर जवळपास चौपट लागते.

*पहिले पेडलची पट्टी पाहा.* वावरात वळवायला दोन्ही पेडल सुटे करतो अन् तसेच हायवेवर जातो. मंग एकच चाक धरते, ट्रॅक्टर आडवा होतो. रस्त्यावर पट्टी लावलेलीच पाहिजे.

आता दोन्ही पेडल हाताने दाबून पाहा. मोकळी चाल दोन्हीकडे सारखी अन् कंपनीच्या पुस्तकात दिली तेवढीच हवी. जास्त असली तर ब्रेक उशिरा लागतो. अगदीच कमी ठेवली तर ब्रेक घासत राहतो, तापतो. नट फिरवून चाल जुळवली की मोकळ्या सपाट जागेत, ट्रॉली न जोडता, हळू वेगात एकदम ब्रेक दाबा. दोन्ही चाकांच्या घसरणीच्या खुणा सारख्या लांबीच्या पाहिजेत. ट्रॅक्टर उजवीकडे ओढला तर डावा ब्रेक कमजोर आहे.

नाल्यातून आल्यावर कोरडा ब्रेक ओला होतो. थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबा, वाळून जातो. पण आत तेल झिरपत असेल तर नट कितीही आवळा, उपयोग नाही. सील बदलावं लागते. तेलातले ब्रेक असतील तर पुस्तकातलंच तेल टाका, डब्यात उरलेलं कोणतंही नको.

ज्यांच्या ट्रॉलीला हवेचा ब्रेक आहे त्यांनी टाकीतलं पाणी काढावं, नळीच्या जोडावर फुसफुस ऐकावी. एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून चाकाजवळचा दांडा हलतो का ते पाहावं, *दोन्ही बाजूंचा*.

दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त भरला तर हूक वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात अन् ब्रेक चांगला असूनही घसरतात. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे काही जण आहेत. ते बाप्पा करूच नका. उताराच्या आधीच खालचा गिअर टाका.

चाल जुळत नसेल तर ट्रॅक्टर गोदामावर आणा, पण ट्रॉली घरी ठेवून.