बर्फाचा मुहूर्त

आपल्याकडचा शेतकरी मृगाची वाट कशी पाहतो, हे वाचकांना सांगायला नको. नक्षत्र लागते, पेरणीची तयारी झालेली असते, आणि आभाळ मात्र कोरडे ठणठणीत! अशा वेळी गावच्या पारावर जी शांतता पसरते ती ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला गुलमर्गमधला २०२४ चा जानेवारी महिना चटकन समजेल. फरक एवढाच, की तिथे लोक पावसाऐवजी बर्फाची वाट पाहत होते.

प्रजासत्ताक दिनाच्या रजेला जोडून आम्ही काश्मीरला जायचे ठरवले, त्याला कारण आमचे बारा वर्षांचे चिरंजीव. त्यांना स्कीइंग शिकायचे होते. मुंबईच्या मुलाला घसरायला लोकलच्या दारातली गर्दी पुरत नाही काय, असे मी म्हणून पाहिले. पण आईचे मत मुलाच्या बाजूने पडले आणि बहुमताने ठराव मंजूर झाला.

श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. टंगमर्गला मोटार थांबली, तेव्हा तिथल्या दुकानदारांनी गमबूट आणि लांब लोकरी कोट भाड्याने पुढे केले. "बर्फ आहे ना वर?" मी विचारले. दुकानदार हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "आज नाही, तर उद्या येईल," तो म्हणाला. आम्ही गमबूट घातले आणि तेरा किलोमीटरचा घाट चढून वर पोहोचलो. समोर पिवळे, वाळके गवत पसरले होते, त्यातून धूळ उडत होती, आणि त्या धुळीत आम्ही तिघे गुडघ्यापर्यंत गमबूट घालून उभे! सौभाग्यवतींना हसू आवरेना. मला मात्र आगाऊ भरलेल्या पैशांची आठवण झाली.

हॉटेलच्या फाटकाबाहेर घसरगाडीवाल्यांची रांग बसली होती. लाकडी फळ्यांची ती छोटी गाडी. तिच्यावर पाहुण्याला बसवायचे, दोरीने चढावर ओढत न्यायचे आणि उतारावरून घसरत खाली आणायचे, हा त्यांचा धंदा. पण बर्फच नाही, तर गाडी घसरणार कशावर? गाड्या उलट्या करून माणसे त्यांच्यावर बसली होती. फेरनच्या आत कांगडी धरलेली, आणि नजर पश्चिमेच्या डोंगराकडे.

त्यांतल्या एका वयस्क गृहस्थाशी चिरंजीवांची गट्टी जमली. त्यांना तो 'चाचा' म्हणू लागला. मी माझे रडगाणे चाचांपुढे गायलो : इतका खर्च केला, आणि हे असे! त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "साब, आपकी तो छुट्टी जा रही है. हमारा साल जा रहा है." शरद ऋतूत त्यांनी उसने पैसे काढून गाडीच्या नव्या फळ्या केल्या होत्या, आणि घरात हिवाळ्याचे धान्य भरले होते. डिसेंबर ते मार्च एवढीच कमाई. त्यातले निम्मे दिवस संपले होते, आणि गाडी जमिनीवरून एक हातही सरकली नव्हती. मी पुढे पैशांविषयी बोललो नाही.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा जो कडक हिवाळा असतो, त्याला 'चिल्लई कलान' म्हणतात. या दिवसांत पडलेले बर्फ घट्ट बसते आणि टिकते. तेच उन्हाळ्यात वितळून ओढ्यांना, भातशेतीला आणि सफरचंदांच्या बागांना पाणी देते. हे बर्फ आणणारे वारे भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात. त्या वर्षी डिसेंबरात आणि जानेवारीत ते जवळजवळ फिरकलेच नाहीत. म्हणजे प्रश्न केवळ हौशी पाहुण्यांचा नव्हता. खालच्या खोऱ्यातला शेतकरीही त्याच डोंगराकडे डोळे लावून बसला होता.

गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर, म्हणजे एकावर एक अशी जवळजवळ दोन महाबळेश्वरे! इथल्या उतारांवर स्कीइंगचा पाया इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी घातला; 'स्की क्लब ऑफ इंडिया' १९२७ साली स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने लष्कराने इथे बर्फावरच्या हालचालींचे शिक्षण सुरू केले. आजची उंच पर्वतावरील युद्धशिक्षणाची शाळा त्यातूनच वाढली. १९६८ साली स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी सरकारी संस्था आली. मग १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत पाळण्यांची तारगाडी झाली, आणि २००५ मध्ये ती अफरवटच्या शिखराजवळ, तेरा हजार फुटांच्या आसपास, जाऊन पोहोचली. टंगमर्गच्या परिसरातलाच आरिफ खान हा तरुण २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव स्पर्धक होता. वडिलांचे स्कीइंगच्या सामानाचे दुकान, आणि घराजवळ हे उतार. त्याची शाळा ती हीच.

युरोपातल्या पुष्कळ हिमक्रीडा-केंद्रांत हंगामाची पहिली तारीख आधी छापून येते, आणि आभाळाने दगा दिला तर यंत्राने पाणी फवारून उतारावर बर्फ अंथरतात. इथे मुहूर्त काढणारा जोशी एकच, तो म्हणजे आभाळ.

महिन्याच्या अखेरच्या दिवसांत त्या जोश्याला दया आली. दुपारपासून ढग उतरले. वारा पडला. रात्री खिडकीबाहेरचे सगळे आवाज कोणीतरी कापसात गुंडाळून ठेवावेत तसे झाले. पहाटे चिरंजीवांच्या आरोळीने आम्ही जागे झालो. कुंपण दिसत नव्हते, वाट दिसत नव्हती, देवदारांच्या फांद्या ओझ्याने वाकल्या होत्या, आणि वरून अजून भुरभुर चालूच होती.

मग काय विचारता! उजाडले न उजाडले तोच फावडी खणखणू लागली. मोटारींच्या चाकांना साखळ्या चढल्या. भाड्याच्या दुकानांतून बूट, काठ्या, स्की यांचे ढीग बाहेर आले. ज्या माणसांनी काल 'सलाम'सुद्धा जेमतेम म्हटला होता, ती आज एकमेकांना मिठ्या मारून 'शीन मुबारक' म्हणत होती. शीन म्हणजे बर्फ. पाडव्याला आपण एकमेकांकडे जातो ना, अगदी तोच थाट!

स्कीइंगचे बूट म्हणजे एक प्रकरणच आहे. पाय त्यात घोट्यापासून इतका जखडला जातो की माणूस रोबोसारखा चालतो. बूट स्कीच्या पट्टीवर दाबला की 'खट्' करून बसतो. पडताना जोराचा पीळ बसला तर मात्र आपोआप सुटतो, म्हणून पाय वाचतो. शिक्षकाने पहिला धडा दिला तो थांबण्याचा. पट्ट्यांची पुढची टोके जवळ, टाचा दूर, गुडघे वाकलेले आणि अंग किंचित पुढे. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की पडलाच! चिरंजीव अकरा वेळा पडले आणि बाराव्या वेळी सरळ खाली गेले. मी पहिल्याच वेळी असा बसलो की उठवायला दोघे लागले. सौभाग्यवतींनी सूज्ञपणे चाचांची घसरगाडी पसंत केली.

वरच्या अफरवटच्या उतारावर मात्र त्या दिवशी कोणालाही सोडले नाही. नवे बर्फ जुन्या थराला चिकटलेले नसते. एका माणसाच्या भाराने सबंध कडा सुटू शकते. गस्तीचे लोक तपासून सांगतील तेव्हाच तिथे जायचे, हा नियम. याच डोंगरात फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशिक्षण घेणारे सतरा जवान हिमकड्याखाली गेले. आणि आम्ही परतल्यावर काही आठवड्यांतच, २२ फेब्रुवारी २०२४ ला, एक रशियन स्कीपटू असाच गेला. ज्याची इतकी वाट पाहिली, त्याच्यापासून इतके जपावेही लागते.

दुपारी चाचा आमच्याकडे आले. चेहरा लाल झालेला, दम लागलेला. सकाळपासून गाडी थांबली नव्हती. त्यांनी घडी घातलेले वर्तमानपत्र माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "जरा देखिए साब, क्या लिखा है." मी चष्मा पुसून घडी उघडली. आत मूठभर बर्फ! भोवतालची मंडळी खो खो हसली. पहिल्या बर्फाची ही काश्मिरी रीत : ज्याच्या हातात फसवून बर्फ दिले तो हरला, आणि हरलेल्याने मेजवानी द्यायची.

मी सगळ्यांना टपरीवर चहा पाजला, तंदूरची रोटी मागवली. चाचांनी दोन पेले चहा घेतला, पण निकाल बदलला नाही. "ये तो चाय हुई. दावत बाकी है."

त्यानंतर दर हिवाळ्यात फोन होतो. पहिला प्रश्न एकच : "आलं का?" २०२५ मध्ये बर्फ इतके कमी, की फेब्रुवारीत व्हायच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली. मी काय बोलावे या विचारात होतो, तोच चाचांचा फोन आला. त्यांनी आधी विचारले, तुमच्या ओळखीचे कोणी नव्हते ना? मग बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

दिवाळीचे कंदील उतरले की २१ डिसेंबर फार लांब नसतो. चिरंजीवांनी त्यांच्या मापाचा जाड हातमोजा आतापासूनच काढून ठेवला आहे. मी त्यांना अडवलेले नाही. मेजवानीचे देणे अजून फिटलेले नाही, आणि असले देणे टपालाने फेडता येत नाही.