साच्यातून सुटका

साच्यात मोदक करताना आई आधी काय करते? साच्याला तुपाचं बोट फिरवते. तूप विसरलं, तर मोदकाचं नाक साच्यातच राहतं! आणि तूप जास्त झालं, तर कळ्या नीट उमटत नाहीत. हाच धडा मला गेल्या वर्षी रेझिनने शिकवला.

आमच्या डोंबिवलीत माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीची चाळ नव्या इमारतीसाठी पाडली. अंगणातली बोगनवेलही गेली. मुलीने तिचं एक फूल वहीत वाळवून जपलं होतं. "बाई, हे काचेत ठेवल्यासारखं करून द्याल? आजीला द्यायचंय." मी म्हटलं, त्यात काय!

अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या पाहिल्यात ना? रेझिन त्याच कुटुंबातलं, त्याचं नाव इपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की मिश्रण गरम होतं आणि हळूहळू टणक होतं. मुळात हा चिकटवणारा पदार्थ. मग तो साच्याला सहजासहजी सोडेल कसा?

म्हणून मी स्टीलच्या वाटीला खोबरेल तेल भरपूर चोपडलं. दुसऱ्या दिवशी वडी सुटली खरी, पण तिच्यावर तेलाचे ओघळ उमटलेले. फूल जणू धुक्यात हरवलेलं! मुलगी काहीच बोलली नाही. मलाच वाईट वाटलं.

चूक कुठे झाली? रेझिन साच्याच्या भिंतीची हुबेहूब नक्कल करतं. भिंत गुळगुळीत तर वडी चकचकीत, भिंतीवर तेलाचे थेंब तर वडीवर खड्डे. पारदर्शक वडीत ते लपत नाहीत.

सिलिकॉनच्या साच्याला रेझिन सहसा चिकटत नाही. पण वारंवार वापरून साचा खरबरीत होतो आणि मग धरून ठेवतो. काच किंवा धातूचा साचा असेल, तर मेण किंवा ‘मोल्ड रिलीज’चा फवारा हवाच. साचा स्वच्छ, कोरडा करायचा. थर अगदी पातळ द्यायचा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्यायचा, जास्तीचा मऊ कापडाने पुसायचा. मगच रेझिन ओतायचं.

मात्र हे एकट्याने करू नका हं! ओलं रेझिन अंगाला लागून अ‍ॅलर्जी होऊ शकते. मोठं माणूस सोबत हवं, हातमोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात. आणि रेझिनचा साचा पुन्हा खाण्यासाठी वापरायचा नाही.

फुलाचं काय झालं? वडी साबणाने धुतली, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासली, कोरडी केली आणि वर रेझिनचा पातळ थर दिला. धुकं हटलं. बोगनवेल पुन्हा गुलाबी दिसू लागली.

ती वडी आता आजीच्या खिडकीत आहे. आणि मी? मोदकाच्या साच्याला तूप लावतानासुद्धा आता जरा बेतानेच लावते!