बोर्बनला वाइनच्या पिंपाचा संस्कार

मुख्यत्वे मक्यापासून गाळलेली, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरलेली आणि बाहेरून रंग वा स्वाद न घातलेली व्हिस्की, ही अमेरिकेच्या बोर्बनची ओळख. मात्र तयार झालेली बोर्बन वाइनच्या रिकाम्या पिंपात आणखी काही महिने ठेवून मगच बाटलीत भरण्याची पद्धत गेल्या दीड दशकात तेथे चांगलीच रुजली आहे. या संस्काराला 'फिनिशिंग' म्हणतात. त्यातून हाती येणारी चव बोर्बनची की वाइनची, हा रसिकांमधील वादाचा विषय आहे.

कायदा काय सांगतो?

अमेरिकी काँग्रेसने 1964 मध्ये ठराव करून बोर्बनला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. धान्यात किमान 51 टक्के मका हवा. पिंपात भरताना मद्यार्काचे प्रमाण 62.5 टक्क्यांहून अधिक नसावे. 'स्ट्रेट' म्हणवून घ्यायचे असेल तर किमान दोन वर्षे मुरवणे बंधनकारक आहे. पिंप नवेच हवे, ही अट सर्वांत महत्त्वाची. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे बोर्बन उत्पादकांना पुन्हा कामी येत नाहीत. ती स्कॉटलंडला जातात. गोव्यातील पॉल जॉन ही सिंगल माल्टही अशाच पिंपांत मुरते. फिनिशिंगमध्ये हा प्रवास उलटा होतो. येथे दुसऱ्या मद्याचे जुने पिंप बोर्बनकडे येते.

लुइव्हिलचा प्रयोग

या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे केंटकीतील लुइव्हिल शहरातील 'एंजल्स एन्व्ही'. ब्राउन-फोरमन कंपनीत 'वूडफर्ड रिझर्व्ह' घडविण्यात मोठा वाटा असलेले लिंकन हेंडरसन यांनी निवृत्तीनंतर मुलासह ती साकारली. मुरताना पिंपातून उडून जाणाऱ्या व्हिस्कीला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. उरलेल्या व्हिस्कीचा देवदूतांनाही हेवा वाटावा, असा या नावाचा अर्थ. हेंडरसन यांचे 2013 मध्ये निधन झाले. 2015 मध्ये बकार्डीने ही कंपनी विकत घेतली आणि 2016 मध्ये लुइव्हिलमध्ये तिची स्वतःची डिस्टिलरी सुरू झाली. तोपर्यंतची व्हिस्की इतरांकडे गाळलेली होती. 'क्राफ्ट' या शब्दाला अमेरिकी कायद्यात व्याख्या नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

चव कशी पारखावी?

ही बोर्बन पोर्ट वाइनच्या पिंपात काही महिने राहते. पोर्ट ही पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातील गोड वाइन. तिने भिजलेल्या फळ्यांमधील रंग, गोडवा आणि गंध व्हिस्की शोषून घेते. नव्या जळक्या ओकमुळे आलेला व्हॅनिला आणि कॅरामेलचा गंध हा बोर्बनचा पाया. त्यावर मनुका, चेरी यांसारख्या फळांची छटा चढते.

चव घेताना आधी निमुळत्या तोंडाच्या ग्लासात बर्फाविना थोडीच ओतावी. नाक ग्लासात खुपसू नये, अन्यथा मद्यार्काच्या झोतापुढे बाकीचे गंध हरवतात. पहिला घोट जिभेला सरावण्यापुरताच. परीक्षा दुसऱ्या घोटाची. आधी मका आणि ओक जाणवतात का, फळांचा गोडवा नंतर येतो का आणि घोट गिळल्यावर मागे काय रेंगाळते, हे पाहावे. मग पाण्याचे दोन-चार थेंब घालून पुन्हा चाखावे. त्याच वेळी शेजारी साधी बोर्बन ठेवल्यास पिंपाने नेमके काय दिले, ते लगेच उमगते. पहिल्या घोटापासून केवळ गोड वाइनच जाणवली, तर पिंपाने व्हिस्कीवर कुरघोडी केली असे समजावे. उणिवा झाकण्यासाठीही पिंपाचा गोडवा सोयीचा ठरतो, ही टीकाकारांची हरकत अगदीच निराधार नाही.

नावाचा प्रश्न

कायद्याने यावर मध्यम मार्ग काढला आहे. अशा बाटलीवर नुसते 'बोर्बन' लिहून चालत नाही. 'पोर्ट वाइनच्या पिंपात फिनिश केलेली' असा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. मूळ व्हिस्की बोर्बनच, पण हाती येते ते तिच्यावर संस्कार झालेले वेगळे मद्य, असा त्याचा आशय. ग्राहकाने म्हणूनच पुढच्या बाजूच्या ठळक नावावर न थांबता लेबलवरील बारीक अक्षरेही वाचावीत. मूळ व्हिस्की किती वर्षांची, ती कोठे गाळली आणि कोणत्या पिंपात ठेवली, यांपैकी जितके तेथे सांगितले असेल, तितका मोजलेल्या किमतीचा हिशेब लावणे सोपे जाते.