सर्व्हर बंद करण्याआधी

फौजेत आम्ही एक नियम पाळायचो: नवी तुकडी मोर्चा सांभाळते, मगच जुनी खाली उतरते. सर्व्हरचंही तसंच.

रेल्वे आरक्षणाची यंत्रणा आमच्या दिल्लीतली ‘क्रिस’ ही संस्था सांभाळते. सकाळी १० ला एसी तत्काळ सुरू झाल्यावर एखादा सर्व्हर थेट बंद केला, तर? पैसे कापले जातील, तिकीट अडकेल.

म्हणून आधी लोड बॅलन्सरच्या यादीतून सर्व्हर काढा. नव्या जोडण्या थांबतात, जुन्या चालू राहतात. अ‍ॅमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरमध्ये यासाठी मुळात ३०० सेकंदांची मुदत असते. पण तो फक्त जोडण्या ओळखतो. आतलं काम संपलं की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून हातातलं काम पुरं करून जोडणी सोडायची जबाबदारी प्रोग्रामची. घड्याळ नको, चालू जोडण्यांचा आकडा बघा. तो शून्यावर आला, की मशीन बंद करा.