सख्ख्या भावंडांतही जुळणी का होत नाही?

थॅलॅसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. या चक्रातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे अस्थिमज्जेचे रोपण. आईवडील मज्जा द्यायला तयार असतात. रक्तगटही जुळत असतो. तरी डॉक्टर विचारतात, "याला सख्खे भावंड आहे का?" असे का?

याचे कारण आपल्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. तेथे एच.एल.ए. नावाच्या जनुकांचा पुंजका असतो. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि पेशीतील प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर धरून दाखवतात. टी-पेशी हे तुकडे तपासतात. विषाणूचा तुकडा दिसला, की ती पेशी मारली जाते. पण एच.एल.ए.च अनोळखी असेल, तरीही हल्ला होतो. म्हणूनच शरीर परका अवयव नाकारते. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते.

मज्जेच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. मज्जेतून नव्या टी-पेशी येतात आणि त्या रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करू शकतात. म्हणून येथे जुळणी अधिक काटेकोर लागते.

आता वर्गात करता येईल असा एक हिशेब पाहू. आईचे दोन पुंजके क आणि ख, वडिलांचे ग आणि घ मानू. प्रत्येक पुंजका बहुधा अखंडच पुढच्या पिढीत जातो. मुले चार प्रकारची होतील : कग, कघ, खग, खघ. आई किंवा वडील मुलाशी निम्मेच जुळतात. भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता मात्र १/४ असते. बीटा थॅलॅसेमियाचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्यामुळे त्याची वाटणी स्वतंत्र होते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर भावंडाला हा आजार नसण्याची शक्यता ३/४. म्हणजे जुळणारे आणि आजार नसलेले भावंड मिळण्याची शक्यता १/४ × ३/४ = ३/१६. निरोगी वाहक भावंडही दाता होऊ शकते, हे या हिशेबात धरले आहे. निम्म्या जुळणीची रोपणेही आता होतात, पण पूर्ण जुळणारे भावंड हीच पहिली पसंती असते.

एच.एल.ए.चा काही आजारांशी थेट संबंधही आहे. पाठीचा कणा ताठ करणाऱ्या ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस या संधिवाताच्या बहुतेक रुग्णांत बी-२७ हा प्रकार आढळतो, हे १९७३ साली लक्षात आले. मात्र बी-२७ असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. थॅलॅसेमियात सदोष जनुकाच्या दोन प्रती आजार घडवतात. बी-२७ फक्त शक्यता वाढवतो. विद्यार्थ्यांना हा फरक जरूर समजावून सांगावा.

मग निसर्गाने एच.एल.ए.चे हजारो प्रकार का राखले? प्रत्येक प्रकार वेगवेगळे तुकडे पकडतो. एकाच्या नजरेतून सुटणारा विषाणू दुसऱ्याला ओळखू येतो. त्यामुळे एकाच साथीत सगळा समाज बळी पडत नाही. जे वैविध्य शल्यवैद्याला अडवते, तेच आपल्या सर्वांचे संरक्षण करते.

रोपणाची वेळ येण्याआधीचा उपाय मात्र सोपा आहे. आपण थॅलॅसेमियाचे वाहक आहोत का, हे रक्ताच्या तपासणीने कळते. ती लग्नापूर्वी, निदान गर्भारपणाच्या सुरुवातीस तरी करून घ्यावी.