पतमर्यादा वाढवून मागताना

‘पत’ हा शब्द मराठीत जुना आहे. गावचा वाणी एका घराला दोन महिन्यांचा किराणा उधार देतो आणि दुसऱ्याला आठ दिवसांचाही देत नाही, तेव्हा तो त्या घरांची पत जोखत असतो. त्याचा आधार म्हणजे वहीतील जुन्या नोंदी. क्रेडिट कार्ड हा याच उधारीचा आधुनिक प्रकार होय. मुंबईत १९११ साली स्थापन झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली भारतात असे कार्ड प्रथम आणले. कार्डावर एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम उधार मिळेल, ती पतमर्यादा. ती बँक ठरवते; परंतु वाढवून मागण्याचा मार्ग कार्डधारकाला खुला असतो.

वाण्याची वही एका दुकानापुरती असे. आताची वही साऱ्या देशाची आहे. २००० साली ‘सिबिल’ ही संस्था निघाली आणि २००५ साली पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. कर्जाचा हप्ता कधी भरला, कार्डाचे बिल किती होते, ते पूर्ण फेडले की थोडेच, याच्या नोंदी बँका त्यांच्याकडे पाठवतात. त्यांवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक गुणांक काढला जातो. मर्यादावाढीचा अर्ज वाचणारा अधिकारी अर्जदाराचे कारण ऐकण्यापूर्वी ही वही पाहतो. म्हणून अर्ज कसा लिहावा यापेक्षा तो केव्हा करावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

हे कोलकात्यातील एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येईल. शहराच्या पूर्वेला सॉल्ट लेक नावाची वसाहत आहे. तेथील खारी तळी हुगळी नदीतील गाळाने भरून १९६० नंतर ती उभारण्यात आली. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावावरून तिला बिधाननगर असेही म्हणतात. तिच्या सेक्टर पाचमध्ये संगणक कंपन्यांची दाटी आहे. २००१ साली गरीब स्त्रियांना लहान कर्जे देण्यापासून सुरुवात करून २०१५ साली बँक झालेल्या ‘बंधन’चे मुख्य कार्यालयही याच भागात आहे. पहिले छोटे कर्ज वेळेवर फेडले की पुढचे मोठे, ही लघुकर्जांची रीत आणि कार्डाची पतमर्यादा यांमागील तत्त्व एकच आहे.

समजा, नागपूरची एक तरुणी सेक्टर पाचमध्ये नोकरी करते. तिचे वेतन दरमहा ४५,००० रुपये, कार्डाची मर्यादा ५०,००० आणि मासिक बिल सुमारे २२,००० रुपये. जुलैत तिचे वेतन वाढून ५२,००० झाले. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डिसेंबरात करायची आहे. रुग्णालयात आगाऊ रक्कम भरावी लागेल, म्हणून मर्यादा एक लाख व्हावी असे तिला वाटते.

ती नोव्हेंबरपर्यंत थांबली, तर काय होईल? मध्ये दुर्गापूजा येते, दिवाळीला नागपूरला जाण्याची तिकिटे येतात. बिल ४६,००० होते आणि हात आखडल्यामुळे ती त्यातील किमान देय रक्कम, समजा पाच टक्के म्हणजे २,३०० रुपये, तेवढीच भरते. उरलेल्या ४३,७०० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के कर धरला, तर महिन्याला सुमारे १,८०० रुपये पुन्हा चढतात. व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जात असल्यामुळे खरा आकडा याहून मोठाच निघतो. बँकेच्या वहीत मात्र एवढेच दिसते की मर्यादेचा ९२ टक्के भाग वापरलेला आहे आणि फेड अपुरी आहे. शस्त्रक्रियेचे कारण कितीही खरे असले, तरी या नोंदीपुढे ते दुबळे पडते.

तोच अर्ज ऑगस्टमध्ये केला, तर चित्र निराळे असते. वेतनवाढ ताजी, बिले पूर्ण फेडलेली, थकबाकी नाही. सामान्यतः बँका कार्डावरील निदान सहा महिने ते वर्षभराचा व्यवहार पाहतात. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर असावा, असा रूढ संकेत आहे. तिचा वापर ४४ टक्के आहे. सहसा बिलाच्या तारखेची बाकीच नोंदीसाठी जाते. त्यामुळे एक-दोन महिने ती तारीख येण्यापूर्वीच काही रक्कम भरून टाकली, तर हे प्रमाण खाली येते. यात लबाडी काही नाही. पैसे खरोखरच फेडलेले असतात.

अर्जापूर्वी आपली वही आपण वाचावी. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळू लागला. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक घटत नाही. फिटलेले कर्ज चालू दाखवलेले असणे किंवा दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावावर असणे, अशा चुका त्यात सापडतात. दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद झालेली आहे. दुरुस्तीला लागणारा हा महिना धरूनच अर्जाचा दिवस ठरवावा.

कागदपत्रे थोडीच लागतात : अलीकडच्या वेतनपावत्या, बँक खात्याचा उतारा आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र. जुने उत्पन्न बँकेत नोंदलेले असेल, तर नवे आधी कळवावे. रक्कमही बेताची मागावी. ५२,००० वेतनावर एक लाखाची मागणी समजण्यासारखी आहे, पाच लाखांची नाही. अर्ज बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा कार्डामागील क्रमांकावरूनच करावा. ‘मर्यादा वाढवून देतो, आलेला ओटीपी सांगा’ असे फोनवर सांगणारा माणूस ठगच समजावा. कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीवाचून बँकेने स्वतः होऊन मर्यादा वाढवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बजावले आहे. तेव्हा बँकेकडून आलेला प्रस्ताव नाकारताही येतो, आणि ज्याचा खर्च हाती राहत नाही त्याने तो नाकारावाच.

नकार आला, तर कारण विचारावे. दुसऱ्या दिवशी आणखी तीन बँकांकडे धाव घेऊ नये, कारण बँकेने कर्जासाठी केलेल्या प्रत्येक चौकशीचीही नोंद होते आणि थोड्या दिवसांत अनेक चौकश्या दिसल्या की अर्जदार अडचणीत आहे असा समज होतो. काही महिने बिले पूर्ण फेडून मग पुन्हा मागावे.

मर्यादा मिळाली, तरी उत्पन्न तेवढेच राहते. रुग्णालयात ८०,००० रुपये कार्डाने भरले, तर खरेदी व बिलाची तारीख यांच्या अंतरानुसार ते फेडायला साधारण २० ते ५० दिवस मिळतात. विम्याची रक्कम त्यानंतर येणार असेल, तर मधला काळ बचतीतून भागवायचा की वैयक्तिक कर्ज काढायचे, याचा हिशेब त्या तरुणीने ऑगस्टमध्येच मांडून ठेवलेला बरा. कारण वैयक्तिक कर्जाचा व्याजदर कार्डाच्या दरापेक्षा बहुधा बराच कमी असतो.